निरीक्षणगृहातले 23 दिवस : एका आत्याचा अभिप्राय

मी भांडुपला डबे करते. सकाळी 40, संध्याकाळी 15. हॉटेलं, खानावळी, केटरिंगवाले यांच्याबद्दल लोक जे अभिप्राय लिहितात ते मी नेमाने वाचते, दोन-तीनदा स्वतः लिहिलेही आहेत. पण घरातलं पोर निरीक्षणगृहात, म्हणजे रिमांड होममध्ये, ठेवल्यावर त्याला आत काय मिळतं, भेटायला जाताना काय न्यायचं, कुणाशी बोलायचं, हे बघायला एका रात्री फोन घेऊन बसले, तर कुठल्या आईने की बापाने मराठीत लिहिलेली एक ओळ मला सापडली नाही. बातम्या सापडल्या. कलमं सापडली. आम्हाला पाहिजे होतं ते काही मिळालं नाही. म्हणून हे लिहिते आहे. कुणावर अशी वेळ आलीच, तर निदान पहिली रात्र आमच्यासारखी जाऊ नये.

संस्थेचं नाव, पोलीस ठाणं, मुलगा कुठे राहत होता, कुठल्या कॉलेजात जातो, यातलं काही मी लिहिणार नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे मुलाची ओळख पटेल असं काही छापायला मनाई आहे. मोडलं तर 6 महिन्यांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि कायदा नसता तरी मी लिहिलं नसतं. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा, वय 16, आई तो 9 वर्षांचा असताना गेली, बाप ट्रेलर चालवतो आणि महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर असतो. एवढं पुरे.

झालं असं की 20-22 वर्षांच्या दोन पोरांबरोबर हा एका मोटरसायकलवर सापडला. गाडी चोरीची होती. रात्री साडेअकराला फोन आला. भाऊ तेव्हा गुजरातेत होता, म्हणून मीच गेले.

पोलीस ठाण्याबद्दल थोडक्यात लिहिते. मुलाला लॉकअपमध्ये टाकता येत नाही, हातकडी घालता येत नाही, आणि प्रत्येक ठाण्यात मुलांची प्रकरणं बघायला एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. आमच्या वेळचे साहेब साध्या कपड्यांत होते आणि नीट बोलले. अडचण आली ती वयाची. आमच्या पोराला दाढी चांगली उगवली आहे, उंची पावणेसहा फूट, त्यामुळे तो 16 चा आहे यावर पहिल्या तासात कुणाचा विश्वास बसेना. वयासाठी आधी शाळेचा दाखला किंवा दहावीच्या बोर्डाचं प्रमाणपत्र बघतात. ते नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. माझ्या शेजारणीचा मुलगा स्कूटरवर जाऊन दाखला घेऊन आला, तेव्हा कुठे सगळं सरळ झालं. घरात वयात आलेलं पोर असेल तर शाळेच्या दाखल्याचा फोटो आजच फोनमध्ये काढून ठेवा.

24 तासांच्या आत मुलाला बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. सगळे त्याला बोर्डच म्हणतात. मी कोर्टाची तयारी करून गेले होते, पिंजरा, काळे कोट, हाका मारणारा शिपाई. तसं काही नव्हतं. साधी खोली, साधं टेबल, त्यापलीकडे एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातल्या एक बाई. दोन सामाजिक सदस्यांतली एक तरी स्त्री असलीच पाहिजे असा नियम आहे, आणि त्याचा उपयोग मला तिथे दिसला. मुलाने काल रात्रीपासून काही खाल्लंय का, हे विचारणाऱ्या त्या बाईच होत्या.

जामीन त्या दिवशी झाला नाही. चाळीतले लोक मला आदल्या रात्री सांगत होते, "निबंध लिहून सुटेल, काळजी करू नका." मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला झालेल्या अपघातानंतर अल्पवयीन मुलाला 300 शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला, ती गोष्ट घरोघरी पोचली आहे, आणि लोकांना वाटतं मुलांचा कायदा म्हणजे तेवढाच. प्रत्यक्षात कलम 12 म्हणतं की मुलाला जामीन द्यायचाच, मात्र तीन कारणं असतील तर थांबवता येतो. बाहेर गेल्यावर तो गुन्हेगार लोकांच्या संगतीत जाईल असं वाटत असेल, त्याला स्वतःलाच शारीरिक, मानसिक किंवा नैतिक धोका असेल, किंवा त्याला सोडल्याने न्यायाचा हेतूच हुकेल. आमच्यात पहिलंच कारण लागलं. बाप घरी नाही, आई नाही, आणि ती मोठी पोरं त्याच गल्लीतली. बोर्डाने परिविक्षा अधिकाऱ्यांचा, म्हणजे मुलाच्या घरची माहिती काढणाऱ्या आणि सुटल्यावर त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांचा, अहवाल मागवला आणि तोवर निरीक्षणगृह.

मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, त्या गल्लीत त्याला त्या संध्याकाळी परत पाठवलं नाही हे बरं झालं.

मुंबईत निरीक्षणगृह असं कुणी म्हणत नाही. रिमांड होम म्हणतात, नाहीतर ते ज्या भागात आहे त्याच्या नावाने नुसतं डोंगरी. "नीट वाग, नाहीतर डोंगरीला टाकीन," हे मी लहानपणी ऐकलं, माझ्या भावानेही ऐकलं. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की 1882 मध्ये टिळक आणि आगरकर कोल्हापूर प्रकरणात 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. त्यामुळे माझ्या डोक्यात ती जागा म्हणजे दगडी भिंत आणि गज. पोराला सोडून घरी आले तेव्हा डोळ्यांपुढे तेच. पण आत जे मुलगे असतात त्यांचा गुन्हा अजून ठरलेला नसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चौकशी चालू असेपर्यंत राहायची ती जागा. शिक्षा भोगायची नाही. कायदा तर 18 वर्षांपर्यंतच्या मुलाला निर्दोष समजूनच सुरुवात करतो.

परिविक्षा अधिकारी मॅडमनी मला पहिल्याच भेटीत थांबवलं. मी म्हणाले, "मॅडम, त्याला अटक झाली तेव्हा..." त्या म्हणाल्या, "ताई, अटक म्हणू नका. ताब्यात घेतलं म्हणा. आणि आरोपी हा शब्दही त्याच्यासमोर काढू नका." मला वाटलं, शब्द बदलून काय होणार? पुढच्या शनिवारी मी त्याच्याशी बोलताना मुद्दाम सांभाळून बोलले, आणि तो पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघत बसला. कागदावर अशा मुलाला विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतात. शब्द अवघड आहे, पण त्यात शिवी नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते, आत काय मिळतं.

जेवण. हा माझा धंदा आहे, म्हणून याबद्दल मी अधिकाराने लिहू शकते. सकाळी पोहे किंवा उपमा आणि चहा-दूध, दुपारी चपाती, भाजी, डाळ, भात, संध्याकाळी काहीतरी खायला, रात्री पुन्हा जेवण. आठवड्यातून अंडं आणि केळं. उपाशी कुणी राहत नाही. घरचं शिजवलेलं आत घेत नाहीत, बंद पाकिटातली बिस्किटं चालतात. पहिल्या शनिवारी मी त्याच्यासाठी कोंबडीवडे करून नेले होते. दारावरच्या दादांनी डबा उघडून बघितला, वास आला असेल त्यांना, आणि हळू आवाजात म्हणाले, "मावशी, मला वाईट वाटतं, पण एकाच्या डब्याने काही झालं तर सगळ्या पोरांना होतं." ते बरोबर होतं. चाळीस घरांना जेवू घालणारी बाई मी, आणि स्वतःच्या पोराचा डबा तसाच घेऊन परत आले. लोकलमध्ये तो मांडीवर गरम लागत होता.

भेटीला गेलं की मी एकच प्रश्न विचारायचे, "काय जेवलास?" त्याच्या उत्तरावरून मला सगळं कळायचं.

पहिल्या शनिवारी म्हणाला, "माहीत नाही." खरंच माहीत नव्हतं त्याला. ताटात काय होतं ते त्याने बघितलंच नव्हतं. गाल बसलेले, आणि पँट कमरेला इतकी सैल की एका हाताने धरून चालत होता. कपडे संस्थेचे होते, त्याचे स्वतःचे पिशवीत घालून यादीवर सही घेतलेली. पट्टा आणि नाडी देत नाहीत, ते समजतं. पण 16 वर्षांचा मुलगा चार अनोळखी पोरांसमोर पँट धरून चालतो तेव्हा त्याच्या मनाचं काय होत असेल? हे मी तिथे बोलले. पुढच्या आठवड्यात बघितलं तर कमरेला मागच्या बाजूला दोन टिपा मारलेल्या होत्या, आत दुमडून, सुबक. आत शिवणकामाचा वर्ग चालतो, तिथल्या सरांनी त्याला मशीनवर बसवून त्याच्याच हातून मारून घेतल्या. त्या टिपांवरून मी बोट फिरवून बघितलं. सरळ होत्या.

दुसऱ्या शनिवारचं उत्तर, "डाळ पातळ होती. भात बरा."

डाळ पातळ का, ते मला त्याच दिवशी कळलं. भेटीची वेळ व्हायची होती, भाजीचा टेम्पो आला आणि स्वयंपाकाच्या मावशी माल उतरवून घ्यायला बाहेर आल्या. मी विचारलं. त्यांनी न चिडता सांगितलं, डाळ सकाळी 9 ला शिजून फोडणी देऊन होते, वाढायला साडेबारा वाजतात, तोवर घट्ट बसते, मग गार पाणी घालून सारखी करतात. हे माझ्याकडेही पूर्वी व्हायचं. तुरीच्या डाळीत मागून गार पाणी ओतलं की डाळ खाली आणि पाणी वर, चव पार जाते. मी त्यांना म्हटलं, शेजारच्या चुलीवर आधण ठेवा, उकळतं पाणी घाला, एक कढ येऊ द्या, आणि फोडणी शेवटी द्या. तूर तेवढीच लागते, गॅस थोडा जास्त. त्या म्हणाल्या, "बघते." पुढे त्यांनी तसं केलं की नाही मला कळलं नाही. पण माल चांगला होता हे मी टेम्पोत डोकावून बघितलं, दुधी कोवळे होते, टोमॅटो पिचलेले नव्हते. जेवणाला मी 10 पैकी 7 देईन, आणि हे गुण मी सहजी देत नाही.

झोपायच्या जागेला इतके देणार नाही. लांब हॉल, जमिनीवर पातळ गाद्या, रात्रभर दिवा चालू. दिवा का लागतो ते मला कळतं, लक्ष ठेवायला लागतं, पण ट्यूबलाइट डोळ्यांवर असेल तर पोरं झोपणार कशी? एखादा मंद दिवा पुरेल. आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच्या बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ दिसलं. मनगटावरही. खरूज. माझ्या मुलांना लहानपणी झाली होती म्हणून बघताक्षणी ओळखली. डॉक्टर येतात, त्यांनी मलम दिलं होतं, पण फक्त त्याला. खरूज अशी जात नाही. शेजारी झोपणाऱ्या सगळ्यांना एकाच दिवशी मलम लावायचं, चादरी-कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकायचे, नाहीतर ती या गादीवरून त्या गादीवर फिरत राहते. हे मी परिचारिका ताईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की त्यांनी लिहून दिलंय, गरम पाण्याची सोय नाही. ही तक्रार मी बोर्डापुढेही केली आणि इथेही करते आहे. मुलांना ठेवायचं घर म्हणायचं तर गरम पाणी हवं.

चपला दुसऱ्याच दिवशी गेल्या. वय आणि प्रकरणाचं स्वरूप बघून मुलांना वेगवेगळं ठेवायचं असं कायदा सांगतो, आणि झोपायचे हॉल तिथे खरंच वेगळे होते, पण जेवणाची रांग एक. रांगेत मोठे पुढे, लहान मागे, आणि ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्या चपला जातात. मारहाण झाली नाही, हे मी त्याला दोन-तीन वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारून घेतलं. एका काळजीवाहक दादांचं नाव त्याच्या तोंडात सारखं यायचं. ते रात्रपाळीला असायचे आणि ज्याला झोप लागत नाही त्याला दाराजवळच्या बाकावर आपल्याशेजारी बसू द्यायचे. काही विचारायचे नाहीत. असा माणूस पगारापेक्षा जास्त काम करत असतो.

दिवस कसा जातो? सकाळी प्रार्थना, व्यायाम, साफसफाई, मग वर्ग. वर्गात अक्षरओळख नसलेला मुलगा आणि अकरावीचा मुलगा एकाच खोलीत. बाईंचा जीव तुटतो पण त्या एकट्या काय करणार? आमच्याने तिथे एका 13 वर्षांच्या पोराला सही करायला शिकवली, हे त्याने मला फार अभिमानाने सांगितलं. त्याची स्वतःची हिशेबशास्त्राची पुस्तकं आत न्यायला परवानगी मिळायला 9 दिवस गेले. दुपारी 4 नंतर काहीच नाही. एक टीव्ही, एक कॅरम, आणि कॅरमच्या सोंगट्या 11. हा रिकामा वेळ मला सगळ्यात जास्त खुपला, कारण त्याच वेळात पोरं एकमेकांना आपापल्या भानगडी सांगत बसतात.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसले.

तिसऱ्या शनिवारी "काय जेवलास?" म्हटल्यावर तो म्हणाला, "वांगं-बटाटा. दोनदा घेतलं. आत्या, त्यात गूळ नव्हता, तुझ्यात असतो तसा." मी उडालेच. वांगं न खाणारं पोर. मग म्हणाला, "मॅडमनी सांगितलं, अहवाल झालाय. मंगळवारी बोर्ड आहे. तू हमी लिहून देणार आहेस ना?"

तोपर्यंतच्या दोन आठवड्यांत त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. वाईट वागणूक म्हणून नव्हे. सगळ्यांना वाटत होतं दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल. आत पोरांमध्ये अफवा असतात. कुणी त्याला म्हणालं, मोठ्या पोरांबरोबर सापडलास म्हणजे त्यांच्याबरोबरच आर्थर रोडच्या तुरुंगात जाणार. तो 14 रात्री हे डोक्यात घेऊन झोपत होता. खरं तर मोठ्या माणसाबरोबर एकत्र सुनावणी अशा मुलाची होऊच शकत नाही. त्यांचं कोर्ट वेगळं, याचा बोर्ड वेगळा. शिवाय 3 वर्षांपर्यंत शिक्षा असलेला गुन्हा मुलांच्या कायद्यात किरकोळ धरतात, साधी चोरी त्यातच येते, आणि बोर्डाने 4 महिन्यांत चौकशी संपवायची असते. फार तर 2 महिने वाढवता येतात. किरकोळ प्रकरणात तेवढ्यातही संपली नाही तर कामकाज तिथेच बंद होतं. एवढं कुणी त्याला पहिल्या रात्री पाच मिनिटं बसून सांगितलं असतं तर त्याने पहिल्या शनिवारीही ताटात काय आहे ते बघितलं असतं.

परिविक्षा अधिकारी मॅडमनी सांगितलं, म्हणून त्यांच्याबद्दल जास्त लिहायला हवं. मुलाला बोर्डापुढे आणल्यापासून 15 दिवसांत त्यांनी सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. त्या आमच्याकडे भांडुपला न कळवता आल्या, सकाळी 8 ला, डब्यांची घाई चाललेली असताना. मी गडबडले. त्या म्हणाल्या, "तुमचं काम चालू ठेवा, मी बसते." आणि बसल्या, भाजी निवडायच्या पाटावर. घर बघितलं, तो झोपणार कुठे ते विचारलं, माझ्या मुलाशी वेगळं बोलल्या, शेजाऱ्यांशी बोलल्या. मला विचारलं, "तो लहानपणी कशाला घाबरायचा?" असा प्रश्न सरकारी माणसाच्या तोंडून येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी सांगितलं, आई गेल्यावर तो दार आतून लावून घेऊ द्यायचा नाही कुणाला. त्यांनी ते लिहून घेतलं. निघताना डब्यातली एक पोळी आणि चटणी खाऊन गेल्या.

एका अधिकाऱ्याकडे किती मुलं असतात ते त्यांच्या टेबलावरच्या फायली बघून कळतं. त्या बाईंच्या हातून आमचं पोर सुटलं नाही हे आमचं नशीब, आणि कुणाचंही पोर नशिबावर राहू नये असं मला मनापासून वाटतं. मी तिथल्या अधीक्षकांना लेखी दिलं आहे : नवा मुलगा आला की पहिल्याच दिवशी त्याला त्याच्या भाषेत सांगा की इथे का ठेवलंय, पुढची तारीख कुठली, घरचे कधी भेटतील, आणि ते एका कागदावर लिहून त्याच्या खिशात द्या. त्याला पैसे लागत नाहीत.

वकिलाबद्दल सावध करते. बोर्डाच्या दाराबाहेर मला एक गृहस्थ भेटले, "25,000 द्या, दोन दिवसांत बाहेर काढतो." मी गळ्यातली पोत सोनाराकडे न्यायची ठरवलं होतं. एका समाजकार्य संस्थेची मुलगी तिथे मदतीचं टेबल लावून बसली होती, तिने मला हाताला धरून विधी सेवा प्राधिकरणाच्या वकीलबाईंकडे नेलं. मुलांना आणि बायकांना सरकारी वकिली मदत फुकट मिळते, उत्पन्नाचा दाखलासुद्धा लागत नाही. वकीलबाई तरुण होत्या, एका दिवसात सात-आठ प्रकरणं बघत होत्या, तरी माझ्या पोराचं नाव त्यांना कागद न बघता आठवत होतं. पोत गळ्यातच राहिली.

भेटीच्या खोलीला मात्र गुण देता येत नाहीत. एक खोली, दोन बाकडी, आठ-नऊ कुटुंबं, अर्धा तास. शेजारची आई रडत असते, मागे कुणाचा तरी बाप ओरडत असतो, आणि आपण आपल्या पोराला मोठ्याने विचारायचं की तुला रात्री झोप लागते का. बाहेर थांबायला सावली नाही, बायकांसाठी संडास नाही, प्यायला पाणी नाही. कडेवर मूल घेऊन कर्जत-कसाऱ्याहून आलेल्या बाया मी तिथे बघितल्या. त्यांच्यासाठी एक माठ ठेवला तरी चालेल. मी दुसऱ्या शनिवारपासून दोन बाटल्या जास्त न्यायला लागले.

मंगळवारी बोर्डाने अहवाल वाचला. दंडाधिकाऱ्यांनी त्याला विचारलं, "आत्याकडे राहशील?" तो म्हणाला, "राहीन, पण बाबांना फोन करू द्याल ना?" त्या बाई सदस्य हसल्या, म्हणाल्या, "रोज कर." अट अशी : मुक्काम भांडुपला, त्या गल्लीत जायचं नाही, त्या मुलांशी संबंध नाही, कॉलेज चुकवायचं नाही, महिन्यातून एकदा परिविक्षा अधिकाऱ्यांना भेटायचं. मी हमीपत्रावर सही केली. ज्यांच्याकडे अटी पुऱ्या करायला माणूसच नसतो, त्यांची पोरं हुकूम होऊनही आत राहतात, म्हणून कायद्याने सांगितलं आहे की हुकमानंतर 7 दिवसांत अटी पुऱ्या झाल्या नाहीत तर मुलाला अटी बदलण्यासाठी परत बोर्डापुढे आणायचं. हे लक्षात ठेवा, आणि वकिलाला आठवण करून द्या. आमच्यासमोर एका पोराच्या हमीवर सही करायला कुणी आलं नव्हतं. ते भिंतीला टेकून उभं होतं आणि आमच्याकडे बघत होतं.

कागदपत्रं होऊन प्रत्यक्ष सुटायला आणखी दोन दिवस गेले. एकूण 23 झाले. त्याची पिशवी परत मिळाली, यादीप्रमाणे सगळं, पाकिटातले 140 रुपयेसुद्धा. चपला नव्हत्या. रात्रपाळीच्या दादांनी कुठूनतरी एक जोडी आणून दिली, एक नंबर मोठी.

आता तो माझ्याकडे आहे. पहाटे 5 ला उठतो, कुणी सांगायला लागत नाही, पोळ्या लाटता येत नाहीत म्हणून डबे पुसून झाकणांवर नंबर लावतो. रात्री दिवा मालवला की अजून थोडा वेळ जागाच असतो, मग मी स्वयंपाकघरातला छोटा दिवा चालू ठेवते आणि दार उघडं. चौकशी चालू आहे. पुढची तारीख 18 ला आहे, कालनिर्णयवर त्यानेच निळ्या पेनाने गोल केला आहे, आणि जाताना त्या पोराला, ज्याला सही शिकवली होती, द्यायला एक दोनशे पानी वही आणून ठेवली आहे. आत देतील की नाही ते दारावर विचारायचं आहे.